पदुम, शंभर किलोमीटर

"म्हणजे तुमचं घर जवळच आहे." आमा-ले असं म्हणाल्या आणि त्यांच्या भाच्याने ते मला हिंदीत सांगितलं. लेहमधल्या एका गेस्ट हाउसचं स्वयंपाकघर, फेब्रुवारीतली सकाळ. बाहेर नळ केव्हाचे गोठलेले, म्हणून घरमालकीण बर्फाळ पाण्याची बादली बुखारीशेजारी, म्हणजे खोली उबदार ठेवणाऱ्या लोखंडी शेगडीशेजारी, आणून ठेवायची आणि आम्ही सगळे त्या बुखारीला चिकटून बसायचो. आमा-ले (लडाखीत आईला म्हणतात तसं) झंस्कारच्या, लडाखमधल्या त्या दुर्गम खोऱ्यातल्या, पदुमजवळच्या गावातल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला रस्ते बंद व्हायच्या आधी लेहला आलेल्या, आणि आता घरी परत जायला हेलिकॉप्टरमध्ये जागा मिळायची वाट बघत थांबलेल्या. त्यांनी मला गाव विचारलं, मी पुणं सांगितलं. किती लांब, असं विचारलं तेव्हा किलोमीटर सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी प्रवास सांगितला: सकाळचं विमान धरलं की दुपारच्या आत दिल्ली, तिथून दुसरं विमान, रात्री जेवायला घरी. त्यांनी क्षणभर विचार केला आणि ते वाक्य म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, हेवा नव्हता. हिशेब केला आणि उत्तर सांगितलं, इतकंच.

रात्री पांघरुणात शिरून मी फोनवर नकाशा उघडला. लेहवर बोट ठेवलं, पदुमपर्यंत सरळ रेघ ओढली. शंभर किलोमीटर. मुंबई ते पुणे हवाई अंतर मोजलं तर याच्याहून थोडं जास्तच भरेल. आणि माझं घर त्याच हिशेबाने सतराशे किलोमीटरच्याही पलीकडे. ही बाई शंभर किलोमीटरवरच्या स्वतःच्या चुलीपाशी पोचू शकत नव्हती, आणि मी उद्या रात्री सदाशिव पेठेत वरणभात खाऊ शकत होते. तो आकडा मी खरं तर कुतूहलापोटी पाहिला होता. पण नंतर कितीतरी दिवस तो माझ्या मागे लागला.

त्या रेघेखाली काय आहे, हे ज्यांनी लेह फक्त जून-जुलैत पाहिलंय त्यांनाही अंदाजाने कळेल. लेहच्या मैदानातून सिंधू ओलांडली की समोर झंस्कारची रांग उभी राहते, एकामागे एक, तिथला एकेक डोंगर पाच-सहा हजार मीटरचा. तिच्यामधून झंस्कार नदीने स्वतःपुरती एक चीर पाडून घेतली आहे. इतकी अरुंद, की कुठेकुठे खाली उन्हाचा कवडसा पोचायलासुद्धा दुपार व्हावी लागते. पक्ष्याने ही रेघ पाळावी, माणसाची वाट निराळीच. पदुमला गाडीने जायचं तर वर्षानुवर्षं एकच रस्ता होता: लेहहून कारगिल, आणि कारगिलहून उलटं वळून सुरू नदीच्या काठाने पेन्सी ला (ला म्हणजे खिंड) चढून झंस्कारमध्ये उतरायचं. शंभराचे साडेचारशे किलोमीटर होतात. तेही पेन्सी ला उघडा असेल तर. हिवाळ्यात तो महिनोनमहिने बर्फाखाली असतो.

त्या रस्त्याने मी त्याआधीच्या एका उन्हाळ्यात गेले होते. तेव्हा लांबी म्हणून तिचं काही वाटलं नव्हतं, कारण पर्यटकाला लांबीचं दुःख नसतं, उलट तिचेच तो पैसे मोजतो. लेहहून निघालं की आधी निम्मूचा संगम, मग लामायुरूची ती पिवळट, मेणासारखी वितळून थिजल्यासारखी माती, मग फोटू ला, ४,१०८ मीटरवर. झेंड्यांच्या माळा वाऱ्यात इतक्या जोरात फडफडत होत्या की गाडीची काच खाली केली तर बोलणं ऐकू येईना. संध्याकाळी कारगिल. बाजारात सुक्या जर्दाळूंचे ढीग, तंदुरी रोट्यांचा वास, मशिदीतून अजान. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून सुरू खोऱ्यात शिरलो, आणि इथे मात्र थोडं थांबून सांगावंसं वाटतं. लडाखमध्ये हिरवा रंग असा कुठे सलग दिसत नाही. सुरूत तो दिसतो. विलोंच्या रांगा, बार्लीची शेतं, डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या बाया, आणि त्या सगळ्यावर अचानक वळणाआडून नून आणि कून, दोन्ही सात हजार मीटरच्या वरची शिखरं. पार्काचिकपाशी हिमनदीचा कडा थेट नदीकाठापर्यंत येऊन थांबलेला. मग रंगदुमचं ते विस्तीर्ण, ओसाड पठार, जिथे मार्मोट बिळातून अर्धे बाहेर येऊन शीळ घालतात. मग पेन्सी ला, आणि माथ्यावरून उजवीकडे द्रांग-द्रुंग. हिमनदी इतकी रुंद आणि इतकी शिस्तीत वळलेली की आमच्यातलं कुणीच पहिल्यांदा बोललं नाही. ड्रायव्हर मात्र घाई करत होता. अंधार पडायच्या आत त्याला पदुम गाठायचं होतं, कारण पुढचा पट्टा रात्रीचा नव्हेच.

पुढे बुखारीपाशी बसून नकाशा बघताना त्या प्रवासातली एक गोष्ट पहिल्यांदा ध्यानात आली. कारगिलपासून पदुमची सरळ रेघ मोजली तर ती जवळजवळ एकशेचाळीस किलोमीटर भरते. म्हणजे लेहहून निघून, दोनशेच्या वर किलोमीटर गाडी हाकून, दोन खिंडी ओलांडून, पाठीचा भुगा करून घेऊन माणूस संध्याकाळी कारगिलला उतरतो तेव्हा तो पदुमपासून निघाला होता त्यापेक्षा चाळीस किलोमीटर जास्त लांब असतो.

घरी जाण्यासाठी पहिला दिवस घरापासून दूर जाण्यात घालवायचा.

आणि यात सगळा दोष डोंगरांचा नाही. १९७९ मध्ये लेह जिल्ह्यातून कारगिल वेगळा झाला, झंस्कार कारगिलकडे गेलं, आणि मग दाखला असो, पगार असो, कचेरीतलं काम असो, वाट कारगिलचीच. झंस्कारी लोकांच्या सोयरिकी, त्यांचे गोंपा म्हणजे बौद्ध मठ, त्यांची मोठी बाजारहाट बरीचशी लेहच्या बाजूला, आणि कागद मात्र कारगिलला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने लडाखमधल्या नव्या जिल्ह्यांची घोषणा केली, त्यात झंस्कारचं नाव आहे. पंचेचाळीस वर्षांनी. नकाशावर रेघ ओढायला जितका वेळ लागतो, त्यापेक्षा ती पुसून दुसरी ओढायला नेहमीच जास्त लागतो, हे मला तिथल्या प्रत्येक माणसाच्या बोलण्यात ऐकू यायचं.

लेह मात्र दिल्लीच्या जवळ कसं आलं, याचीही गोष्ट आहे. श्रीनगरहून लेहला पायी-घोड्याने पंधरा-सोळा मुक्काम पडत. १९४८ मध्ये पाकिस्तानच्या बाजूचे हल्लेखोर लेहच्या दिशेने सरकत होते, आणि इतके मुक्काम करायला कुणाकडे सवड नव्हती. सोनम नोरबू या लडाखी अभियंत्याने गावकऱ्यांना हाताशी धरून सिंधूकाठी ओबडधोबड धावपट्टी तयार केली, आणि २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिच्यावर डाकोटा उतरवलं, शेजारी जनरल थिमय्या. ना नीट नकाशे, ना अशा उंचीसाठी घडलेलं विमान. त्या एका सकाळीने लेहची जागा बदलली. आज त्याच ठिकाणच्या विमानतळाला कुशोक बकुला रिंपोचे यांचं नाव आहे, आणि ते ज्या स्पितुक गोंपाचे प्रमुख होते तो गोंपा धावपट्टीला खेटूनच टेकडीवर बसलेला आहे. विमान वळताना खिडकीतून त्याच्या पांढऱ्या भिंती इतक्या जवळ येतात की आत कुणी दिवा लावलेला असेल तर दिसावा.

लेहची विमानं सकाळीच का, हे तिथे गेलेल्या प्रत्येकाने कधीतरी विचारलेलं असतं. विमानतळ ३,२५६ मीटरवर. हवा आधीच विरळ, समुद्रसपाटीच्या तुलनेत पाऊण हिश्शाहूनही कमी दाट. ऊन चढलं की ती आणखी पातळ होते, पंखांना उचलून धरायला हवं तेवढं काही उरत नाही, इंजिनाचा जोरही घटतो, आणि दुपारी खोऱ्यातून वारा सुटतो तो वेगळाच. म्हणून पहाटेपासून साडेदहा-अकरापर्यंत आकाशात एकामागे एक घरघर, आणि मग दिवसभर शांतता. गेस्ट हाउसच्या गच्चीवरून मी रोज ती विमानं बघायची. प्रत्येक विमानात दीडशेच्या आसपास माणसं, साधारण सव्वा तासात दिल्ली. त्या घरघरीखाली आमा-ले अंगणातल्या उन्हात बसून माळ ओढत असायच्या, आणि त्यांची नजर विमानाकडे कधी गेलेली मला दिसली नाही. त्या दक्षिणेकडे, स्तोकच्या डोंगरांवर ढग आहे की नाही, तेवढंच बघायच्या. त्यांचं आभाळ त्या बाजूला होतं.

हिवाळ्यात झंस्कारसाठी हेलिकॉप्टर असतं. सरकार भाड्यातला बराच भार उचलतं, आधी नावं नोंदवायची, आणि जागा थोड्या. लहान हेलिकॉप्टर असेल तर पाच माणसांच्या आतबाहेर. त्यातही आजारी माणूस, अडलेली बाळंतीण, परीक्षेचा मुलगा आला की त्याला पुढे, आणि ते बरोबरच आहे. हवेत असतं अर्ध्या-पाऊण तासाचं काम. पण त्या अर्ध्या तासासाठी लेहही उघडं हवं, पदुमही उघडं हवं, आणि मधल्या खिंडीवर ढग नको. यातलं काही ना काही बिनसायचंच. भाचा सकाळी फोन कानाला लावून अंगणात येरझाऱ्या घालायचा, आणि आत येताना त्याचा चेहरा पाहिला की विचारायची गरज नसायची. "आज नाही." घरमालकीण काही न बोलता गुरगुर चहाचं आणखी एक भांडं चढवायची. चहाच्या त्या खारट, लोणकढ वासात तिथली सगळी निराशा मुरवली जायची.

आमा-लेंचं गाठोडं सदैव बांधून तयार. त्यात काय होतं ते मला ठाऊक आहे, कारण रोज सकाळी ते सुटायचं. डोळ्याच्या औषधाच्या बाटल्या लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेल्या. प्रेशर कुकरची रबरी रिंग. नातवंडांसाठी पेन्सिली आणि बिस्किटांचे पुडे. थोडं पिवळं दिव्याचं तूप. आणि टोमॅटो. हिवाळ्यात झंस्कारमध्ये ताजी भाजी म्हणजे तळघरात पुरून ठेवलेले बटाटे, मुळे, कोबी. लाल टोमॅटो घेऊन घरी जायचं त्यांच्या मनात फार होतं. पण टोमॅटो रात्रीच्या थंडीत गोठला की सकाळी पिशवीत पाण्याचा गोळा होतो, म्हणून त्या रात्री ते उशाशी घेऊन झोपायच्या आणि उजाडल्यावर बुखारीच्या उजेडात एकेक टोमॅटो हातात घेऊन, डोळ्याला अजून नीट दिसत नव्हतं तरी अंगठ्याने दाबून तपासायच्या. मऊ झालेला बाजूला काढायचा, आम्ही दुपारी तो रस्श्यात घालायचो. बाजारातून भाचा दोन नवे आणायचा. "आज नाही" म्हटलं की गाठोडं पुन्हा बांधलं जायचं, त्याच गाठीने. ज्या दिवशी त्यांची पाळी लागली त्या दिवशी सगळं इतक्या घाईत झालं की निरोप असा झालाच नाही. जीप आली, भाच्याने गाठोडं उचललं, आमा-लेंनी माझ्या कपाळाला कपाळ टेकवलं, जुले, जुले, आणि गेल्या. टोमॅटो किती पोचले कोण जाणे. आभाळ निळं होतं.

भाच्याने एका संध्याकाळी सांगितलं की तो पहिल्यांदा लेहला आला तो बर्फावरून. चादर, म्हणजे गोठलेली झंस्कार नदी. जानेवारी-फेब्रुवारीत काही आठवडे ती त्या चिरेमधून चालण्याइतकी घट्ट होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या झंस्कारची हिवाळ्यातली वाट तीच. लोणी घेऊन जायचं, चहा-मीठ घेऊन यायचं, आणि अलीकडे मुलांना लेहच्या बोर्डिंग शाळेत पोचवायचं. नदीकाठच्या गुहांमध्ये रात्र काढायची, शेकोटी, सत्तू, आणि सकाळी पुढचा माणूस काठीने बर्फ वाजवून बघत चालणार. आवाज भरीव आला तर पाय, पोकळ आला तर कड्याला धरून वरून. बर्फ फुटलेला असेल तर वडील त्याला खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून जात, असं तो म्हणाला, आणि पलीकडे पोचलं की आधी त्याचे मोजे बदलत, स्वतःचे नंतर. हे तो फार साधेपणाने सांगत होता. रात्री उणे पंचवीस-तीसपर्यंत जाणाऱ्या थंडीत आठ-नऊ वर्षांचं पोर शाळेसाठी चालत निघतं, आणि मग ते पुन्हा घरी कधी जातं? काही मुलं वर्षावर्षात जात नाहीत.

त्याच दिवसांत लेहच्या बाजारात चादर ट्रेकसाठी आलेली मराठी मुलं-मुली जागोजागी भेटायची. डोंबिवलीचे, नाशिकचे, कोल्हापूरचे; गमबूट विकत घेताना मराठीत भाव करणारे, भेटल्यावर लगेच आपलं माणूस म्हणून हसणारे. मला ती सगळी आवडली. त्यांच्या तिकिटांवर आणि हमालीवर झंस्कारच्या कितीतरी घरांचा हिवाळा निघतो, हेही खरं. पण त्यांच्यातली एक मुलगी अगदी कळवळून म्हणाली, की दरीतून रस्ता होतोय, चादर संपणार, शेवटची बघून घेऊया म्हणून आलो. आणि मला एकाच वेळी तिचं पटलं आणि पोटात तुटलं. ती नदी, तिच्यावर पडलेला निळा उजेड, बर्फाखालून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज, हे नाहीसं होणं सोसवत नाही. आणि ज्याने वडिलांच्या खांद्यावरून ते पाणी ओलांडलंय, त्याला विचारलं तर तो सुरुंगाचा प्रत्येक बार मोजत होता. या दोन गोष्टींमध्ये मला निवड करायला सांगितली तर मी रस्ता निवडेन. दुःख होईल, तरी रस्ताच.

रस्त्यासाठी माणूस काय करतो, याचं झंस्कारमधलं उदाहरण मराठी वाचकांपर्यंत फारसं पोचलेलं नाही म्हणून सांगते. चुलतिम चोंजोर नावाचे लामा. झंस्कारच्या दक्षिण टोकाला, शिंकू लाच्या पायथ्याशी कारग्याक गाव आहे. तिथपर्यंत रस्ता येईना, तेव्हा या माणसाने आपली मालमत्ता विकून यंत्रं घेतली आणि रामजाकपासून कारग्याकपर्यंत सुमारे ३८ किलोमीटर रस्ता स्वतःच्या हिमतीवर काढला. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फोटोत ते लामाच्या लालसर वस्त्रात दिसतात, उन्हाने भाजलेला चेहरा, आणि हात मात्र मजुराचे. त्या हातांकडे बघून मला वाटलं, झंस्कारमध्ये वाट करणं हेही धर्मकार्यच असणार.

मार्च २०२४ मध्ये निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता सीमा सडक संघटनेने जोडून पूर्ण केला. एका टोकाला लेहजवळचं निम्मू, मध्ये पदुम, दुसऱ्या टोकाला हिमाचलच्या लाहौलमधलं दारचा. त्या बाजूच्या शिंकू लाखालून, जवळपास पंधरा हजार आठशे फुटांवरून, ४.१ किलोमीटरचा बोगदा व्हायचा आहे. जुलै २०२४ मध्ये त्याचा पहिला सुरुंग उडवला गेला. लेहहून पदुम आता दोनशे किलोमीटरच्या आसपास. शंभराचे साडेचारशे होते, ते दोनशे झाले.

मी त्या रस्त्याने पुढच्या उन्हाळ्यात गेले. डांबर सगळीकडे पडलेलं नव्हतं. कड्याखालून जाताना गाडीवर बारीक खडी सांडत होती, आणि दोन ठिकाणी जेसीबीने दरड बाजूला करेपर्यंत आम्ही खाली उतरून उभे राहिलो. धुळीची चव दातांत. खाली नदी मातकट, फुगलेली, इतका मोठा आवाज करत जाणारी की हिच्यावरून कुणी चालत गेलं असेल यावर विश्वास बसू नये. आमच्या ड्रायव्हरने एका ठिकाणी गाडी हळू केली आणि पाण्याच्या कडेची एक काळवंडलेली कपार दाखवली. छताला अजून धुराची काजळी होती. "इथे आम्ही झोपायचो," तो म्हणाला. मी फोटो काढू का विचारलं, तर काढा म्हणाला, आणि स्वतः खाली उतरून पाच मिनिटं त्या कपारीकडे बघत उभा राहिला. मग घड्याळ पाहिलं. सकाळी चहा पिऊन निघालेलो आम्ही संध्याकाळच्या उन्हात पदुमला होतो. बार्ली कापणीला आलेली, करशाचा गोंपा समोरच्या डोंगराला चिकटवलेला, आणि पेट्रोलच्या टपरीवर पोरांचं क्रिकेट चाललेलं.

तिथल्या एका चहाच्या दुकानात गप्पा झाल्या. रस्त्याचं कौतुक सगळेच करत होते. सिमेंट, भाजी, गॅस वेगाने येऊ लागलाय, आजारी माणसाला लेहच्या इस्पितळात त्याच दिवशी नेता येतं. दुकानदारीण मात्र एका गोष्टीवर अडून होती. हिवाळ्यात त्या दरीत दगड येतात, बर्फ येतं, रस्ता दोन-चार दिवस अडकला की अडकला. तेव्हा रस्ता झाला म्हणून उद्या कुणी हेलिकॉप्टर बंद केलं तर? "रस्ता मोजणारे उन्हाळ्यात येतात," असं ती म्हणाली, आणि माझ्या हातातला कप न विचारताच पुन्हा भरला. तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. झंस्कारच्या बायांनी कितीतरी हिवाळे त्या यादीत नाव लावून काढले आहेत. आता कुठे त्यांच्या हाताशी दोन वाटा आल्या आहेत, आणि त्यांना दोन्ही हव्या आहेत. हेलिकॉप्टर चालू राहिलं पाहिजे. जागा वाढल्या पाहिजेत, आणि जानेवारीत अडलेल्या बाळंतिणीसाठी ते लेहच्या धावपट्टीवर तयार उभं असलं पाहिजे.